न सांगितलेली गोळी

चूक माझी होती आणि ती चार-पाच वर्षं माझ्या बायकोच्या नावावर खपली. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला सकाळपासून बसावं लागलं आहे. दवाखान्यातल्या खाटेवर मी आडवा पडलेलो असताना डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, "आज आणखी कुठली गोळी घेतली होती का?" मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं. त्या खोट्याचा त्रास मला फारसा झाला नाही. तो तिला झाला.

तेव्हा आम्ही नाशकात सिडकोत राहत होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि माझे वडील. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. मी एका सरकारी कचेरीत लिपिक होतो. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला मला शुगर निघाली आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत दुसरी तक्रार सुरू झाली. ती कुणाला सांगता येत नाही. शुगरची गोळी माणूस चारचौघांत घेतो, वर "गोड बंद केलंय" असं अभिमानानं सांगतो. या तक्रारीला मात्र धड बोलण्याजोगा शब्दसुद्धा नव्हता. भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींत जे शब्द असतात ते स्वतःला लावून बघायची हिंमत होत नव्हती.

सुरुवातीला मी हायवेच्या कडेला तंबू ठोकून बसणाऱ्या एका वैदूकडून पुड्या आणल्या. बायकोला सांगितलं, पोट साफ व्हायला आहेत. पोट मात्र खरोखरच साफ झालं, आठवडाभर. मग ते सोडलं. मग काही वर्षं मी रात्री लवकर झोपायची सवय लावून घेतली. आधी झोपलं की प्रश्न येत नाही. ती काही म्हणायची नाही. तिचं ते न म्हणणं मला समजूतदारपणाचं वाटायचं आणि त्याच वेळी टोचायचंही.

दोन हजार सालानंतर त्या नव्या गोळ्या आपल्याकडे सहज मिळायला लागल्या. ऑफिसात त्यांच्यावरून चावट विनोद व्हायचे. आमच्या कचेरीत सटाण्याकडचा एक सहकारी होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, मोकळाढाकळा. एकदा चहाच्या टपरीवर त्यानं मला बाजूला घेऊन त्याच्या अहिराणीत विचारलं.

"काय भो, तोंड का उतरेल शे?"

मी शुगरचं सांगितलं. बाकीचं त्यानंच ओळखलं.

"मंग गोळी घे ना. मना अनुभव शे. अर्ध्या तासात माणूस घोडा."

"डॉक्टरला विचारायला नको का?"

"डॉक्टरले काय विचारस? डॉक्टर सोता घेस!" असं म्हणून तो इतक्या जोरात हसला की टपरीवाल्यानं वळून बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण गोळीचं नाव मी लक्षात ठेवलं.

सिडकोतल्या मेडिकलवाल्याकडे जाणं शक्य नव्हतं. तो अण्णांना ओळखायचा, मुलीच्या खोकल्याचं औषध द्यायचा. मी नदीपलीकडे पंचवटीत गेलो. दुकानासमोर स्कूटर लावून, दुकानातली बायका-मुलं जाईपर्यंत उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिलो. दुकानदारानं कात्रीनं पाकिटातून हव्या तेवढ्या गोळ्या कापल्या, कागदी पुडीत घातल्या आणि पुडी माझ्याकडे सरकवली. शुगर आहे का, बीपी आहे का, हृदयाचं काही औषध चालू आहे का, घरात कुणाचं चालू आहे का, काही विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही. दोघांनाही लवकर मोकळं व्हायचं होतं.

गोळीनं काम केलं, हे नाकारत नाही. पण तिच्यामागून जे आलं त्याबद्दल टपरीवर कुणी बोललं नव्हतं. तोंड लाल व्हायचं, कान तापायचे, नाक चोंदायचं. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायचं की फायलीतली अक्षरं हलायची. एक-दोनदा ट्यूबलाइटभोवती निळसर झाक दिसली आणि मी घाबरलो, पण सांगणार कुणाला? बायको म्हणायची, "ऊन लागलं असेल. टोपी घालत जा म्हणते तर ऐकत नाही." आणि माझ्या कपाळाला बाम चोळत बसायची. माझ्या चोरीमुळे दुखणारं डोकं ती दाबत होती आणि मी डोळे मिटून ते दाबून घेत होतो.

आणखी एक गोष्ट झाली. रविवार म्हणजे परीक्षा झाली. अण्णा दुपारी विरंगुळा केंद्रात जायचे, मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची, तेवढाच वेळ आम्हाला मिळायचा. मी मनातल्या मनात हिशेब करायचो, आता घेतली तर अमुक वाजता, जेवण व्हायच्या आधी की नंतर. एकदा ती सहज म्हणाली, "हल्ली तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. घड्याळाकडे बघता." मी म्हणालो, "काहीतरीच काय?" गोळीशिवाय आपल्याला काही जमणार नाही, ही भीती तोवर पक्की बसली होती. आधी शरीर घाबरत होतं, आता मीच घाबरत होतो.

इथे अण्णांच्या आजारपणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अण्णांना चालताना, जिना चढताना छातीत दुखायचं. त्यासाठी जिभेखाली ठेवायची एक बारीक गोळी डॉक्टरांनी दिली होती. ती कशी द्यायची हे डॉक्टरांनी मला नाही, माझ्या बायकोला शिकवलं होतं, कारण दिवसभर घरात ती असायची. आधी माणसाला बसवायचं. उभ्या माणसाला द्यायची नाही. पाणी द्यायचं नाही. पाच मिनिटं थांबायचं, दुखणं थांबलं नाही तर दुसरी द्यायची आणि रिक्षा बोलवायची. हे तिनं इतक्या वेळा केलं होतं की अण्णांनी नुसता छातीला हात लावला तरी तिचा हात फळीवरच्या डबीकडे जायचा. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "डॉक्टर लांब राहतो, सूनबाई जवळ आहे. मला काय भीती?" दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. आपल्याला एक गोष्ट नीट येते आणि त्या गोष्टीवर एक माणूस जगतो, याचा तिला फार आधार होता. हे मला तेव्हा कळलं नाही. तो आधार गेल्यावर कळलं.

तो रविवार उन्हाळ्यातला होता. माझी मोठी बहीण, आक्का, सिन्नरला दिलेली आहे. अण्णा नातीला घेऊन आदल्या दिवशी तिच्याकडे गेले होते. प्रवासाची डबी त्यांच्या खिशात होती, घरची फळीवरच होती. घरात आम्ही दोघंच. बायकोनं मटण केलं होतं. मी जेवणाआधी गोळी घेतली. मग मटण, भाकरी, वर भात असा पोटभर जेवलो. तेलकट, जड जेवणावर ती गोळी उशिरा लागू पडते हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की वेळ झाली आणि काही होत नाही. ती स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मी कपाटाआड उभा राहून दुसरी गोळी घेतली.

थोड्या वेळानं दोन्ही एकदम अंगावर आल्या. कानांतून वाफा निघाव्यात तसं झालं. छातीत धडधडायला लागलं, त्यात मटणाची जळजळ वर आली. मी खाटेच्या कडेला बसलो आणि नकळत छातीवर हात ठेवला.

ती हात पुसत बाहेर आली.

"काय होतंय?"

"धडधडतंय. जळजळतंय."

"डाव्या हातात कळ येते का?"

"माहीत नाही."

तिचं तोंड पांढरं पडलं, पण हात थांबला नाही. तिनं फळीवरून डबी काढली. "टेकून बसा. तोंड उघडा. जीभ वर करा." अण्णांना सांगायची त्याच आवाजात. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, थांब, मी काहीतरी घेतलंय. दोन्ही गोळ्या एकत्र घातक असतात हे मला माहीत नव्हतं, पण आपण काहीतरी लपवून घेतलंय आणि त्यावर हे दुसरं येतंय, एवढं तर माहीत होतंच. मी जीभ वर केली.

पुढचं मला तुटक आठवतं. घाम. छताचा पंखा लांब लांब जाताना दिसला. मी उठायला गेलो आणि फरशीवर कोसळलो. तिनं शेजारच्या काकांना मारलेली हाक ऐकली, पण ती कुणा दुसऱ्याच्या घरातून येत असावी असं वाटलं. मग रिक्षा, तिच्या मांडीवर माझं डोकं, आणि तिचं सारखं "बोला ना, काहीतरी बोला ना."

दवाखान्यात माझे पाय उंच करून ठेवले, सलाइन लावलं. थोड्या वेळानं माणसं स्पष्ट दिसायला लागली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला विचारलं, "काय दिलं होतं?" तिनं गोळीचं नाव सांगितलं, ताकद सांगितली, कशी दिली तेही सांगितलं.

"एकच?"

"एकच. बसवून दिली होती."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "प्रेशर फारच खाली गेलंय. आज आणखी कुठली गोळी घेतली होती का?"

माझ्या पायांशी शेजारचे काका उभे होते. उशाशी ती होती. मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलं. मग तिला म्हणाले, "एका गोळीनं सहसा एवढं होत नाही. पण एखाद्याला सोसत नाही. वहिनी, एकाचं औषध दुसऱ्याला असं परस्पर देऊ नका." ते काही रागावून बोलले नाहीत. बरोबरच बोलले. पण ती भिंतीला टेकली आणि खाली बसली.

संध्याकाळी सिन्नरहून आक्का आली, अण्णा आले. काकांनी दारातच सगळं सांगितलं. आक्का मनानं वाईट नाही. आई लवकर गेली, आक्कानं मला अंगाखांद्यावर खेळवलं. त्यामुळे माझ्यावर तिचा हक्क जरा जास्त.

"एवढी डॉक्टरीण झालीस व्हय गं?" ती माझ्या बायकोला म्हणाली. "आगं, जीव घेतला असतास की माझ्या भावाचा."

बायको म्हणाली, "आक्का, मला वाटलं हार्ट..."

"तुला वाटलं! तुला वाटून काय व्हतंय? इचारायचं नाय कुनाला?"

मी डोळे मिटून पडलो. झोपलोय असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. हृदयाला काही झालं नव्हतं. ती चहा आणायला गेली असताना डॉक्टर एकटे आले आणि खुर्ची ओढून बसले.

"काही सांगायचंय का तुम्हाला? औषध, दारू, जडीबुटी, काहीही. माझ्यापाशीच राहील."

त्यांना संशय आला असणार. मला संधी मिळाली होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पण मला वाटलं, हे केसपेपरवर लिहितील, तो केसपेपर घरी येईल, आणि कुणीतरी तो वाचील. मी म्हणालो, "नाही हो, काही नाही." आदल्या दिवशी मी घाबरून खोटं बोललो असं म्हणता येईल. या वेळी मी विचार करून खोटं बोललो.

महिन्याभरानं मी माझ्या शुगरच्या डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, "एका मित्रासाठी विचारतोय." त्यांनी समजावून सांगितलं. या गोळीनं रक्तवाहिन्या सैल पडतात, जिभेखालच्या गोळीनंही पडतात. दोन्ही एकत्र झाल्या की रक्तदाब धाडकन कोसळतो. काही माणसं त्यातून उठत नाहीत. म्हणून छातीची अशी गोळी चालू असलेल्यानं ही गोळी घ्यायचीच नाही, आणि ही गोळी घेतली असताना छातीत दुखलं तर लाज वाटली तरी आधी तेच सांगायचं.

"तुमच्या मित्राला शुगर आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग आधी हृदय तपासून घ्यायला हवं होतं. बीपीची औषधं चालू असतील तर तेही बघावं लागतं. कधी कधी या तक्रारीचं कारणच तिकडे असतं. मित्राला घेऊन या."

"सांगतो त्याला."

"आणि मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका म्हणावं."

"सांगतो."

त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटतं, माझ्याकडे न बघण्याचा तो त्यांचा चांगुलपणा होता. घरी येऊन मी उरलेल्या गोळ्या संडासात टाकल्या. आता मला सगळं माहीत होतं. तरीही मी तिला काही सांगितलं नाही. दर आठवड्याला ठरवायचो आणि दर आठवड्याला ते आणखी अवघड व्हायचं, कारण आता नुसती गोळी सांगायची नव्हती, इतके दिवस गप्प का बसलो तेही सांगायचं होतं.

आक्कानं नियम घालून दिला. अण्णांची डबी अण्णांच्याच खिशात राहील, वहिनीनं हात लावायचा नाही. अण्णा पुटपुटले, पण आक्कापुढे त्यांचं चालत नसे. फळीवरची जागा रिकामी झाली. बायकोचा हळूहळू स्वतःच्या हातांवरचा भरवसाच उडाला. मुलीला ताप आला तर तापाची गोळी हातात घेऊन माझ्याकडे यायची. "बघा हो, हीच ना? मोठ्यानं वाचा." मुलगी म्हणायची, "आई, अगं त्यावर लिहिलंय ना!" तरी ती मी वाचेपर्यंत थांबायची.

आणि दर दिवाळीला भाऊबीज. आम्ही सिन्नरला जायचो. आक्काच्या घरी वीस-पंचवीस माणसं जेवायला. एका वर्षी बायको वाढत होती. आक्का पानावरून म्हणाली, "वहिनीबाई, आमटीत गोळी-बिळी नाय ना घातली? माझा भाऊ एकदा वाचलाय, पुन्यांदा नाय वाचायचा." सगळी पंगत हसली. आक्काचे दीर हसले, जावा हसल्या. बायकोनंही हसल्यासारखं केलं आणि आमटीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली.

मीही हसलो. हे लिहायलाच हवं. मला गप्प बसता आलं असतं, पण मी हसलो.

असंच चाललं असतं. पण एका सकाळी, मी ऑफिसला निघायच्या तयारीत असताना, अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. हात छातीवर. दुसऱ्या हातानं खिसा चाचपत होते, पण बोटांना डबी उघडत नव्हती. बायको स्वयंपाकघरातून आली. तिनं एका नजरेत ओळखलं आणि दारातच थांबली.

"अगं, बघतेस काय? दे ना गोळी!" मी ओरडलो.

"तुम्ही द्या."

"मला येत नाही!"

"मी नाही देणार. तुम्ही द्या."

तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मी अण्णांना उठवून खाटेकडे न्यायला लागलो. ती दारातूनच म्हणाली, "उठवू नका. बसू दे. पाठीला उशी लावा." मी पाण्याचा तांब्या उचलला. "पाणी नको. जिभेखाली ठेवा. चावू देऊ नका." दोन गोळ्या फरशीवर सांडल्या, तिसरी कशीबशी अण्णांच्या तोंडात गेली. ती घड्याळ बघत म्हणाली, "आता थांबा." तिचा आवाज अगदी शांत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला सगळं येत होतं, आणि ती एक पाऊल पुढे टाकत नव्हती. ते पाऊल माझ्या खोट्यानं अडवलं होतं.

अण्णा वाचले. दोन दिवस दवाखान्यात राहून घरी आले. आल्या आल्या त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"सूनबाई, त्या दिवशी तू का नाही दिलीस? याला काय समजतं त्यातलं?"

ती म्हणाली, "अण्णा, माझा हात लागलेला चालत नाही ना."

मी तिथून उठून गच्चीवर गेलो.

त्या संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला वर आली तेव्हा मी तिला सांगितलं. पंचवटीतलं दुकान, कपाटाआड घेतलेली दुसरी गोळी, डॉक्टरांना दोनदा सांगितलेलं खोटं, शुगरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "म्हणजे मी दिली म्हणून नाही."

"तुझी गोळी माझ्या गोळीवर पडली म्हणून. मी बोललो असतो तर तू दिलीच नसतीस."

"नसती दिली." तिनं एक चादर झटकली. "मी कधी काही म्हटलं होतं का तुम्हाला? जमत नाही म्हणून?"

"नाही."

"मग?"

मी दोरीवर राहिलेला टॉवेल काढून तिच्याकडे दिला.

"आणि त्यानंतर तुम्ही जवळ आला नाहीत," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या हातून तसं झालं म्हणून. तुम्हाला माझी भीती बसली म्हणून."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं एका खाटेवर झोपून मला हे सुचलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं.

"इथे गच्चीवर नको. इथे कोण आहे ऐकायला? मी जे ऐकून घेतलं ते सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. रविवारी आक्का येतायत अण्णांना बघायला. तेव्हा बोला."

"अण्णांसमोर? आक्कासमोर? अगं, हे असलं कसं बोलणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली आणि कपडे घेऊन खाली गेली.

रविवारपर्यंतचे दिवस मी शब्द शोधण्यात घालवले. वडिलांसमोर, मोठ्या बहिणीसमोर बोलण्याजोगा एकही शब्द मला सापडला नाही. आक्का सकाळच्या गाडीनं आली. सोबत बाजरीचं पीठ, शेवग्याच्या शेंगा. अण्णांच्या खाटेशी बसून तिनं त्यांचे पाय दाबले. मुलगी कॉलेजच्या कसल्याशा कार्यक्रमाला गेली होती. बायको चहा ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

आक्का अण्णांना म्हणाली, "डबी तुमच्याच खिशात ऱ्हाऊ द्या हां, अण्णा. वहिनीच्या हाती..."

"आक्का, थांब," मी म्हणालो. "त्या वेळी मी हिच्या गोळीनं पडलो नव्हतो. मी आधीच दुसरी गोळी घेतली होती. एक नाही, दोन. हिला माहीत नव्हतं."

"कसली गोळी?"

"पुरुषांची."

"म्हंजी?"

मी काही बोलायच्या आत अण्णांना कळलं. ते म्हणाले, "आक्के, जास्त विचारू नकोस. कळलं मला." आणि मग माझ्याकडे बघून, "तू बोल पुढं."

"ती गोळी आणि तुमची गोळी एकत्र चालत नाहीत. जीव जातो. डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

आक्कानं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "मंग तवाच का नाय बोलला रं?"

"लाज वाटली."

"आन् मी हिला बोलत व्हते, चारचौघांत बोलत व्हते, तवा?"

"तेव्हाही लाजच वाटली."

"अन् तुझ्या लाजेपायी मी हिला..." आक्काचं वाक्य पुरं झालं नाही. ती माझ्या बायकोकडे बघायला लागली आणि मग खाली.

मी उठलो. बायको दारात होती तशीच उभी होती. तिनं माझी सुटका करावी असं मला वाटत होतं, राहू द्या म्हणावं असं वाटत होतं. ती तसं म्हणाली नाही. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि अण्णांना, आक्काला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "तुला जसं शिकवलं होतं तसंच तू केलंस. चुकलो मी. गोळी लपवून घेतली, डॉक्टरांशी दोनदा खोटं बोललो, तुला बोल लागत होते तेव्हा झोपेचं सोंग घेतलं आणि भाऊबीजेला सगळ्यांबरोबर हसलो. मला माफ कर."